करून राहिली

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, वर्धा रोडला.
कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा कोरडाच फिरतोय.
काळमेघ मॅडम फळ्यावर लिहितात:
स्वतःबद्दल सांगा. वेळ दोन मिनिटं.

मी उठते.
निशिगंधा ढोमणे, भिवापूर. दुसरं सेमिस्टर, मार्केटिंग.
एवढं अकरा सेकंदांत संपतं.
उरलेला वेळ
हातांचं काय करायचं, ह्यात जातो.

मॅडम ओरडत नाहीत.
म्हणतात, खांदे.
म्हणतात, डोळ्यांत बघ, कपाळाकडे नको.
म्हणतात, 'मी इंटर्नशिप करून राहिली' असं नाही, बेटा,
'मी इंटर्नशिप करते आहे.'
मी वहीत दोन्ही लिहिते, एकाखाली एक.
खालच्या वाक्यात काम आहे.
वरच्यात काम आहे आणि राहणंही आहे,
ते कुठे ठेवू, विचारायचं राहून जातं.

रात्री होस्टेलच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला मी 'गुड मॉर्निंग, सर' म्हणते.
मोहिनी बोरकुटे मोबाइल धरून:
'काय वं, मयतीची बातमी देऊन राहिली का तू?'
वॉर्डनचा दिवा लागेपर्यंत आम्ही हसतो.

बाबा कळमन्याच्या बाजारात मापारी.
पोतं काट्यावर चढलं की पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत,
'लाभ' म्हणतात.
लाभ. दोन. तीन.
एवढ्या गलक्यात त्यांचा आकडा
विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला
एकच ऐकू जातो.
घरी मात्र मीठ हवं असलं तर नुसती वाटी सरकवतात.
मी विचारलं, कसं जमते तुम्हाले?
बराच वेळ सुपारी कातरत होते.
'पोत्याकडे पाहून बोलाव. माणसाकडे पाहिलं का आकडा चुकते.'

मिहानमधल्या कंपनीत इतकं गार होतं
की बाहेरचं पंचेचाळीस खोटं वाटावं.
टेबलापलीकडे तिघं. एक जण बिस्किट खात होता.
'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?'
ह्याचं उत्तर पाठ होतं, टाकीला सतरा वेळा ऐकवलेलं.
ते आलंच नाही.
मी डोळ्यांत बघितलं, मॅडमसारखं,
मग टेबलावरच्या फायलींच्या चळतीकडे, बाबांसारखं.
मनात म्हटलं, लाभ.

'काम करून राहिली असेन, सर.'

बिस्किट अर्ध्यावर थांबलं.
'कुठल्या तुम्ही?'
'भिवापूर.'
'मी पवनीचा,' तो म्हणाला,
आणि लगेच खुर्चीत सरळ होत
पुढचा प्रश्न इंग्रजीत विचारला.
त्याचं उत्तर मी दिलं. बरं दिलं असावं.
निकाल अजून नाही.

बसस्टॉपवर सावली खांबाएवढीच, तीत तिघं उभे.
मॅडमचा फोन: कसा झाला?
'चांगला झाला, मॅडम,' मी म्हणते,
खांदे सरळ करून,
फोनवर खांदे दिसत नाहीत तरी.