दोन डोळ्यांमधलं अंतर

पत्र आलं तेव्हा मी मागच्या खोलीत
भिंगं घासत होते, उणे सव्वातीनची.
तुकुमेक दारात उभी राहिली, म्हणाली,
"इंगर, हे तू वाच.
तुझं डॅनिश माझ्यापेक्षा रागीट आहे."

कलम अकरा : दर्शनी त्वचा.
हात, मान, चेहरा यांवर
गिऱ्हाइकाचं लक्ष विचलित करील असं काही नसावं.
खाली प्रेबेनची सही,
माशीच्या पायाएवढी.

तिची बोटं तुम्ही पाहिली नाहीत.
पेरापेरावर ठिपके,
मनगटाभोवती दोन रेघा.
मागच्या उन्हाळ्यात नूकला गेली होती,
तिथे एकीने काजळी माखलेला दोरा
कातडीखालून ओढत ओढत टाके घातले.
नंतर तीन दिवस ही बाई
चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पीत होती,
लहान मुलासारखी.
तिच्या आईच्या हातांवर असलं काही नाही.
आईच्या आईच्याही नाही.
जे पुसता येत नाही
ते मध्ये कुणीतरी पुसून टाकलं होतं.

बैठकीला युनियनतर्फे मी.
प्रेबेन वाईट माणूस नाही.
त्याच्या बायकोच्या घोट्यावर डॉल्फिन आहे,
हे त्याने आपणहून सांगितलं, पुराव्यासारखं.
"पण असं बघा," तो म्हणाला,
"आपण चष्मा लोकांच्या नाकावर ठेवतो.
नव्या भिंगातून माणसाला
सगळ्यात आधी स्वच्छ दिसतात
ते हिचे हात."

मला वाटलं, हा तिच्याच बाजूने बोलतोय.
पण तो तिथेच थांबला,
तक्रार सांगून झाल्यासारखा.

मग म्हणाला, धर्माचं आहे का काही?
धर्माला सूट आहे, पोटकलम क.
"नाही."
मग याचा अर्थ काय?
"अर्थ सांगितला तर चालेल?"
"बघू."
"मग नाही सांगत."

टेबलाखाली मी तिचा पाय दाबला.
हात दाखवून अवलक्षण, बाई गं.

आठवडाभर सुती हातमोजे.
भिंगांवर धागे, स्क्रू निसटून गालिच्यात,
मी गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवतेय.
मंगळवारी लाउरिट्स आले,
बंदरावरचे, मोतीबिंदू नुकताच काढलेला.
तिचे मोजे बघून खुर्चीत मागे सरले.
"मला काही लागण झालीय का?"

तिने मोजे काढले.
उघड्या बोटांनी दांड्या सरळ केल्या,
चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला.
म्हातारा बघत राहिला. बराच वेळ.
मी मागून कान देऊन उभी.
शेवटी म्हणाला,
"डाव्या कानामागे टोचतंय."

माझ्याही अंगावर तीन ठिपके आहेत.
वाइलेच्या इस्पितळात,
यंत्राला दर खेपेला नेम सापडावा म्हणून
छातीवर टोचलेले. निळे. मोहरीएवढे.
तेव्हा प्रेबेनने फुलं पाठवली होती,
पिवळी, पाणी बदलायच्या सूचनेसकट.
माझ्या ठिपक्यांना कुठलंच कलम लागत नाही,
त्यांचा अर्थ कुणी विचारला नाही.
बैठकीत हे माझ्या ओठांवर आलं होतं.
बोलले नाही.
ब्लाऊजची वरची गुंडी तेवढी चाचपून पाहिली.

अखेर तडजोड :
बोटं चालतील, मनगटं झाकायची.
बाही हाडाच्या पुढे वीस मिलिमीटर,
जास्त चालेल, कमी नाही.
मोजायला प्रेबेनने माझीच पट्टी मागितली,
दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायची.

तुकुमेकने हात पुढे केला.
त्याने पट्टी टेकवली, वाकला,
चष्मा कपाळावर सारला, परत खाली ओढला,
हात लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.
त्याच्या वयाच्या सगळ्यांचं हे होतं,
मी दोन वर्षं सांगतेय, तपासून घे.

"किती आहे?" त्याने विचारलं.

तिने आकडा वाचून सांगितला.
खरा सांगितला की नाही,
मी भिंगं घासत होते.