मोरीची फणी

पाणी आलं रात्री पावणेतीनला, पाचव्या दिवशी.
हौद भरला, पिंपं भरली, कळश्या, पातेली,
श्रीलताची शाळेची बाटलीसुद्धा.
आणि त्याच सकाळी मोरी तुंबली.
पाच दिवसांचं पाणी घरात
आणि तांब्याभर ओतायला जागा नाही.

अत्तम्मा पाटावर आंघोळीला बसलेल्या,
पाटाखाली साबणाचं पाणी चढत चाललेलं.
म्हणाल्या, गिळणं थांबलं की माणूस आजारी समजावं,
घरसुद्धा.
मी तार घातली, काठी घातली, सोडा ओतला.
मोरीनं एक बुडबुडा सोडला.
बस्स.

दहाला मल्लिनाथ आला, कळशेट्टींचा,
खांद्यावर वेटोळं घातलेली लांब स्प्रिंग.
आधी फरशीला कान लावला,
जसे श्रीलताचे बाबा लावायचे मागाला,
धोटा कुठं अडकतोय ते ऐकायला.
"ताई, आत कुणीतरी विणत बसलंय बगा," म्हणाला,
आणि ओढायला लागला.

निघतच गेलं. हातभर. दोन हात.
दोरी नव्हे, पट्टा.
श्रीलताचे लांब केस उभे,
अत्तम्मांचे पांढरे आडवे,
माझे मेंदीचे, तांबूस, काठासारखे कडेला.
मध्ये टॉवेलचं तूस, गुलाबी, पोपटी.
आमचे दोन माग भंगारात गेले त्याला तीन वर्षं झाली,
पण हे आता दुसऱ्याच्या मागावर जातात,
आणि संध्याकाळी इथंच अंग धुतात.
सगळ्यावर खळ बसलेली:
भाताची पेज,
शेंगाचटणीच्या वाट्यांचं तेल.

एक धागा सुटा नव्हता.

ते दारात उभे होते. पुढं आले.
बोटांत धरून पाहिलं,
गिऱ्हाईक चादर पाहतं तसं, अंगठ्यानं चोळून.
म्हणाले, "पोत बरा आहे."
तीन वर्षांत विणकामावर बोललेलं पहिलं वाक्य.
अत्तम्मा हसल्या, पदर तोंडाला लावून,
मग श्रीलता, मग मी.
मल्लिनाथ तेवढा हातात ते घाण लोंबतं धरून
आमच्याकडं बघत राहिला.
दोनशे मागितले त्यानं. मी अडीचशे दिले.

जाताना सांगत होता, जाळी बसवा ताई,
बाजारात वीस रुपयाला मिळते.
हे ऐकत नव्हते. माळ्यावर चढले होते.
खाली उतरले तेव्हा हातात फणी,
माग वजनावर गेले त्या दिवशी
टेम्पोतून एवढीच काढून घेतलेली.
करवतीनं टीचभर तुकडा कापला,
दोन्ही टोकं घासली,
मोरीच्या तोंडात बसवला. चपखल बसला.
मागाचीही फणी, केसांचीही फणी.
इतकी वर्षं एकाच शब्दानं दोन्ही बोलवत होते,
मला कधी सुचलं नव्हतं.

आता वाट्या आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसते,
तेल पोटात जातं, पाइपात नाही.
चहाचा चोथा कढीपत्त्याला.
पेज अत्तम्मा पितात, मीठ घालून,
आणि उगाच म्हणतात, मोरीच्या तोंडचा घास काढून मला देता.
गरम पाणी ओता म्हणतात लोक, आठवड्यातून एकदा.
एप्रिलात कशाला तापवायचं?
दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडावा,
हात धरवत नाही.

रोज रात्री फणी उचलते.
केस बोटावर गुंडाळून कागदात बांधते.
अत्तम्मांचे हल्ली जास्त असतात,
ते मी लवकर गुंडाळते.

गल्ली झोपते. शेवटचा कारखाना
अकराला बंद होतो, खटखट थांबते.
कधी जाग येते तर हे अंथरुणात नसतात.
मोरीपाशी उभे, अंधारात,
तांब्याभर पाणी हळूहळू सोडत,
ऐकत.

पाणी सरळ जातं.
कुठंच अडकत नाही.