आवाज येतात का?

चालत येणाऱ्याला फेरीबोटीत तिकीट नसतं,
म्हणून रुझार दिवसभर जायचा नि यायचा,
रायबंदर, चोडण, पुन्हा रायबंदर,
कुठेच न उतरता.
उतरायचा तो शेवटच्या फेरीनंतर,
जेटीच्या शेडमध्ये झोपायला,
चपला उशाला घेऊन.

मी साखळी सोडणारा खलाशी.
फळी खाली जाताना ओरडायचो, "मागे सर, पात्रांव!"
तो सरायचा नाही.
आठ वर्षं ओरडलो.
एकदा खांद्याला धरून ढकललाच,
तर हातातला उंडा पडला ओल्या फळीवर.
त्याने तो उचलला, शर्टाला पुसला,
मोडून अर्धा माझ्यापुढे धरला.
मी घेतला नाही.

लोक म्हणायचे, प्यालेला असतो.
नव्हता. मला वासाची पारख आहे,
माझा बाप त्यातच गेला.
लोक म्हणायचे, तारवटी ना, डोक्यात डॉलर गेलेत,
हाक मारली तरी मान वळवत नाही.
म्हणायचे, भावजयीने कडी लावून घेतली
तेव्हापासूनच असा.
बसायचा मात्र एकाच जागी,
इंजिनच्या झाकणाजवळ,
तापलेल्या पत्र्यावर, अनवाणी.

जानेवारीत एका सकाळी धुकं एवढं
की चोडण होतं की नव्हतं कळेना.
सगूण ड्रायव्हरने भोंगा दाबला,
रुझारच्या डोक्यापासून हातभर अंतरावर.
खारफुटीतले बगळे उडाले,
मासळीवालीच्या काखेतलं मूल किंचाळलं.
रुझार नखातला मळ काढत होता.
त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

आठ वर्षं ओरडलो होतो मी.

पंचायतीत शिबिर होतं, घेऊन गेलो.
रांग दारापासून चिंचेपर्यंत,
डॉक्टर तरुण, तोंडावर मास्क.
विचारलं, जेवण जातं का?
रुझारने मान डोलावली.
झोप लागते? डोलावली.
कोणी नसताना कानात आवाज येतात?
डोलावली, हसलासुद्धा.
लिहिलं गेलं: आवाज ऐकू येतात.
मी म्हणालो, डॉक्टर, याला काहीच ऐकू येत नाही.
ते म्हणाले, मग तुम्हीच ठरवा काय ते,
आणि मागच्या बाईला पुढे बोलावलं.
ते चिडले नव्हते. दमले होते.

गोळ्या दिल्या. हात थरथरायला लागले,
उंडा धरवेना.
कानाच्या दाखल्याचं विचारलं,
तर आधी पत्ता हवा म्हणाले.
मी सांगितलं, फेरीबोट.
बाई म्हणाल्या, कुठल्या काठाची?

मला येते देवनागरी, त्याला रोमी.
शेवटी माझ्या मुलीने वहीच्या पानावर
त्याच्या अक्षरांत विचारलं: तुला काय हवं?
मला वाटलं, चपला मागेल, चादर मागेल.
त्याने पेन्सिल मुठीत धरून वेळ लावला.
लिहिलं: सोळा वर्षं इंजिनरूममध्ये.
खाली: कान गेले, ते इंजिन गेलं नाही.
डोक्यात रात्रंदिवस फिरतं.
मग एक ओळ खोडली,
इतकी, की मुलीला वाचता आली नाही.
शेवटी: तुमच्या पत्र्यावर पाय ठेवला
की आतलं आणि बाहेरचं एक होतं,
तेव्हा डोळा लागतो.
रात्री इंजिन बंद करू नका.

आता मी ओरडत नाही.
फळी सोडण्याआधी त्याच्या बाजूचा पत्रा
टाचेने दोनदा ठोकतो.
तो मागे सरतो,
आणि कधीकधी, उगाचच,
बोट मध्यावर असतानाही मी ठोकतो,
तोही टाचेने दोनदा ठोकतो.

पावसाळ्यानंतर नवी बोट येणार आहे.
काल साहेब येऊन सांगून गेले:
परदेशी इंजिन, वेग दुप्पट,
आत बसायला गाद्या.
आणि कंपन म्हणाल तर
पाण्याने भरलेला पेला ठेवा पत्र्यावर,
हलणार नाही.
सगूणने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
रुझारने आमच्या हातांकडे पाहिलं
आणि तोही वाजवू लागला.