आधीचं सगळं माझं

रात्री अकरा ते सकाळी सात.
बाहेर सू फॉल्सला उणे एकवीस,
इंजिनं गोठू नयेत म्हणून गाड्यांना वायरी लावलेल्या.
आत आम्ही नऊजण, आणि पडद्यावर
अख्ख्या देशाचा खर्च, ओळीखाली ओळ.

चोर आधी खडा टाकून बघतो.
एक डॉलर सात सेंट, कुठल्यातरी पेट्रोल पंपावर.
कुणी हूं की चूं केलं नाही, की मग शिरतो आत.
हे शिकायला मला तीन महिने लागले.
शेजारची न्याबोल म्हणते, तिला तीन दिवस पुरले,
तिच्या आजोळी कुत्रीसुद्धा
पावलांवरून माणूस ओळखायची.

डिसेंबरात एक ओळ लाल झाली.
व्हर्लिन ओस्बी, गाव वेबस्टर,
धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळणारे.
वीस वर्षं तेच किराणा दुकान, तेच डिझेल,
आणि आता अकराशे मैलांवर, स्पोकेनला,
एक डायनर, एक लाँड्री, एक औषधाचं दुकान.
आम्हाला वस्तू दिसत नाहीत, फक्त दुकानं आणि आकडे.
सूप होतं की नुसता चहा, कळत नाही.

सकाळी सहाला फोन लावला.
पहिल्याच घंटेला उचलला.
"हे व्यवहार तुम्ही केलेत?"
"हो."
"स्पोकेनला?"
"मीच."
वेबस्टरच्या घरचा फोन होता तो,
मागे किटली शिट्टी मारत होती.
मग हळूच, "डायनरचं किती वाजताचं आहे?"
संध्याकाळी सहा चाळीस, म्हटलं.
"म्हणजे जेवली तर."
आणि लगेच,
"जेवलो. जेवलो म्हणायचं होतं मला."

चौकटीत मी लिहिलं: ग्राहकाने पुष्टी केली.
नोकरी जाण्याइतकं खोटं ते नव्हतं.
खरंही नव्हतं.

त्यानंतर नोंदींत रोज दिसायचं,
ओस्बी, पहाटे साडेचार, खातं उघडलं.
पाच मिनिटं. बंद.
लोक असं चोरासाठी जागतात.
हे कशासाठी जागायचे
ते मी कुणाला सांगितलं नाही.
बिल मात्र पाच तारखेला, पै न पै चुकतं.

जानेवारीत मिसूला. मग ब्यूट.
मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले.
बिलिंग्ज, नऊ डॉलर.
फेब्रुवारीच्या बाराला माइल्स सिटी, बसस्टँडचं कँटीन, चार डॉलर दहा.
पूर्वेकडे. प्रत्येक ओळ थोडी पूर्वेकडे.
न्याबोलनं विचारलं, हसतेस काय?

मग सहा दिवस काही नाही.
त्यांचं साडेचार चुकलं नाही.
सातव्या दिवशी फीनिक्सचा पंप, एक डॉलर,
आणि पाठोपाठ टीव्हीचं दुकान, नऊशे चाळीस.

या खेपेला फोन त्यांनी केला.
आवाज कोरडा, वजन वाचून दाखवावं तसा.
"शेवटचे दोन माझे नाहीत."
"आणि त्याआधीचे?"
"आधीचं सगळं माझं."
मी सांगितलं, कार्ड बंद करावं लागेल.
जुना नंबर कुठेच चालणार नाही.
ज्या कुणाच्या हातात असेल
त्याच्या हातात नुसतं प्लास्टिक.
"कुणाच्याही?"
"कुणाच्याही."
किटली वाजायची थांबली,
त्यांनी उचलली असावी.
"करा," म्हणाले, "आणि पोलिसांचा नंबर द्या.
तिकडचा. माइल्स सिटीचा."

दिला.
फोन ठेवल्यावर नियमाप्रमाणे
बटण लगेच दाबायचं असतं.
मी दोन मिनिटं थांबले.
कुठूनही, कितीचंही,
एक डॉलरचंसुद्धा चाललं असतं.

न्याबोलनं पाहिलं.
काही बोलली नाही,
सूर्यफुलाच्या बियांची पुडी
माझ्याकडे सरकवली.