सामानाची गाडी

ते चालतात. मी त्यांचं सामान चालवतो.
नऊ बॅगा, जास्तीच्या दोन काठ्या
आणि एक लोकरीची टोपी,
जी आपली नाही असं
तीन बेटांपासून सगळेच सांगताहेत.

साडेआठला डॉलिना त्यांना धक्क्यावर गोळा करते,
बोट ओलं करून वारा कुठला ते सांगते.
फोनवर तिने ते आधीच पाहिलेलं असतं.
मग नऊ रंगीत जाकिटं
तपकिरी उतारावर चढत जातात
खिशातून सांडलेल्या गोळ्यांसारखी.
मी हात करतो. मग किटली.

बॅग उचलली की माणूस कळतो.
हिरवीत बूट कमी, पुस्तकं फार.
लाल बॅगेत काचेचं काहीतरी
रोज थोडं अधिक पोकळ वाजतं.
निळीचा बंद पांढऱ्या दोऱ्याने शिवलाय,
टाके नवशिके, लांब लांब:
बायको नुकतीच गेलेली.

माझ्या बेटाला रस्ता एकच.
समोरून गाडी आली की एकाने मागे सरायचं
आणि दोघांनीही स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं.
कॅलमची व्हॅन हल्ली त्याचा मुलगा चालवतो.
मी अजून कॅलमलाच बोट दाखवतो.

मंगळवारी एक बाई शेजारी येऊन बसली,
दोन्ही टाचांना फोड. नाव रोस्विटा.
थोड्या वेळाने म्हणाली, तुमचा खांदा असा का?

असं विचारत नाही कुणी.
उजवा माझा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे.
म्हटलं, बाई, एकतीस वर्षं
त्या पांढऱ्या भिंतींआड मोड आलेले सातू उलथले,
लाकडी फावड्याने, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा.
सातू झोपत नाहीत.
नाही उलथले तर मुळं मुळांत गुंततात,
जमिनीवर चटई होते,
आणि साहेब नाताळातही पायजम्यावर बूट चढवून येतो.
मग पलीकडून तयार माल ट्रकने यायला लागला.
आम्ही सहाजण होतो.
आता तो मजला बघायला तिकीट आहे.
फावडं भिंतीवर, खाली पाटी, दोन भाषांत.
आमच्या भाषेतल्या ओळीत एक चूक आहे.
मी सांगितलेली नाही.

तीनला सगळे डिस्टिलरीपाशी भेटले,
गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरे लाल.
आतली मुलगी सांगत होती,
पिंपातून दरवर्षी थोडी उडून जाते,
तो देवदूतांचा वाटा.
त्या वाफेने गोदामाच्या छपरावर काळी बुरशी धरते.
शिडी लावून ती मीच खरवडायचो.
देवदूत नाही दिसले.
समुद्रपक्षी दिसले, जरा जास्तच खुशीत.

मग तिने अठरा वर्षांचं पिंप उघडलं.
म्हणजे माझ्या वेळचं.
मी दारातच थांबलो. मला आता चहाच सोसतो.
एकाला धूर लागला, एकाला ओला दोरखंड.
निळ्या बॅगवाला म्हणाला, दवाखाना,
आणि ग्लास घेऊन खिडकीकडे गेला,
तिथे बराच वेळ पाठमोरा.
कुणी काही बोललं नाही.
डॉलिनाने उगाच नकाशा उलगडला.

रोस्विटाने एक घोट घेतला,
तोंडात धरला,
माझ्याकडे बघितलं,
आणि आपला उजवा खांदा
इतकासा खाली केला.

शुक्रवारी नऊ बॅगा बोटीवर चढवल्या.
लाल आता फुलासारखी हलकी.
निळी उचलायला गेलो तर तो म्हणाला, राहू दे,
आणि त्याने स्वतः नेली, बंदाला न धरता,
खालून, दोन्ही हातांनी.

टोपी गाडीतच राहिली.
वारा कापत होता. घातली.
डॉलिना म्हणाली, तिरकी बसलीय रे.
म्हटलं, नीट बघ,
टोपी सरळ आहे.