साडेअकरा इंच

वैजूचा शाळेतला पृथ्वीगोल अजून दुकानात आहे,
ऑस्ट्रेलियापाशी चेपलेला.
मी त्याच्यावर गिऱ्हाइकांच्या टोप्या अडकवतो.

धकाते साहेब आले होते, पँटची कंबर सैल करायला.
सोनेगावच्या टॉवरमध्ये आयुष्य गेलं त्यांचं.
रात्री डोक्यावरून जाणारी,
नागपुरात न उतरणारी विमानं,
त्यांना ते वाट द्यायचे.
मी विचारलं, "साहेब, टोरांटो किती लांब पडते इथून?"
ते म्हणाले, "दोरा आहे नं तुमच्यापाशी?"

टोपी काढली. पांढरा दोरा घेतला.
एक टोक मी नागपूरवर अंगठ्यानं दाबलं,
दुसरं त्यांनी तिकडे.
वाटलं, जाईल अरबस्तानावरून, युरोपावरून,
भिंतीवरच्या नकाशात जातो तसा आडवा.
ताणला, तर सरकत सरकत वर गेला,
हिमालय, रशिया, मग नुसता बर्फ,
आणि ध्रुवाच्या खिळ्याजवळून
पलीकडे उतरला.

"आपण एकोणऐंशी पूर्व," साहेब म्हणाले,
"ती एकोणऐंशी पश्चिम.
आकडा तोच. बाजू उलटी."
कापडाची सुलट-उलट मला अंधारातही कळते.
तरी मी थोडा वेळ काही बोललो नाही.

दोरा टेपवर ठेवला. साडेअकरा इंच.
साहेबांनी जुन्या बिलामागे गुणाकार मांडला :
साडेबारा हजार किलोमीटर.
माझी टेप दीड मीटरची,
म्हणजे त्र्याऐंशी लाख वेळा टाकायची,
चौऱ्याऐंशी लाख योनींना जराशी कमी.
सरळ उडालं तर पंधरा तास.
पण सरळ कोण उडते बाप्पा?
आधी दिल्ली, मग बसून राहा, मग पट्टा काढा, घड्याळ काढा.

वैजू गेली तेव्हा सव्वीस तास लागले.
सकाळी सहाला निघाली
आणि पोचली त्याच तारखेच्या रात्री साडेदहाला.
तिची आई म्हणाली, बरं झालं, दिवस फुकट नाही गेला.
मधले साडेनऊ तास कोणाच्या खात्यातून आले
ते आम्ही विचारलं नाही.

साहेब पैसे द्यायचे विसरून गेले.

मग हातातली कामं बाजूला सारली,
तिच्या आईच्या व्हॉइलच्या जुन्या साडीचं
झबलं कापायला घेतलं.
लांबी साडेअकरा इंच. नव्या लेकराला पुरते,
तीस वर्षं शिवतोय.
कात्री चालवता चालवता आठवलं,
पार्सलवाला बारा दिवस सांगतो,
वर कस्टमचे वेगळे.
लेकरू तोवर थांबून राहते काय?
खालच्या दुमडीत दोन इंच जास्तीचं कापड दाबलं,
कच्च्या टाक्यानं,
एक धागा ओढला की सुटावं असं.
गळ्याच्या बंदापाशी पृथ्वीवरचा तो दोराच वापरला.
तेवढ्यापुरता पुरला.

बाहेर विमान गेलं, फार उंचावरून,
आवाज त्याच्या मागून, जरा उशिरा.
मी टोक दातानं तोडलं.