बारा-सहा, नऊ-तीन

खमीस म्हणतो, आवाज डावीकडून येतो.
तोंडाने करून दाखवतो: टक्. टक्‌टक्. मग एक लांब कण्हणं.
वादी कबीरच्या या गल्लीत
सगळेच आपल्या गाडीचे आवाज तोंडाने काढतात,
परवा बँकेतल्या एका साहेबाने काढला, टाय लावून.
मी हसत नाही.
अर्धी गाडी तिथेच उघडते.

कधी येतो? वळताना, की गतिरोधकावर?
सकाळी गार असताना, की दुपारी?
कंतबच्या चढावर, तो म्हणतो, रिकामी असली की.
सवारी बसली की गप्प,
पाहुणे आल्यावर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी.

नारिंगी-पांढरी कोरोला. काट्यावर सहा लाख बारा हजार.
पुढची टायरं आतल्या कडेला गुळगुळीत, बाहेरून नवी,
फरफटत चालणाऱ्याची चप्पल झिजावी तशी.
चार वेळा अलाइनमेंट केली म्हणतो, वर्षात चार वेळा.
बाबा रे, चौकट खिळखिळी असली
तर दार कितीही तासून बसव,
ते लागणारच.

बॉनेटवर तळवे टेकून दाबतो आणि सोडतो.
वर येऊन एकदाच थांबायला हवी.
ही येते, जाते, पुन्हा येते,
हो हो हो म्हणत राहते, कुणी काही विचारलेलं नसताना.
शॉकअप संपले.
पण टक् तो नव्हे.

जॅक लावला.
शोहाग चाक धरतो बारा आणि सहावर. हलवतो.
काही नाही.
नऊ आणि तीनवर धर.
खट्.
एवढंच. नखाच्या जाडीएवढं.
आम्ही याला प्ले म्हणतो, गावाकडे खेळ म्हणायचे,
गडहिंग्लजला गणूमिस्त्री म्हणायचे, चाक खेळतंय रे पोरा,
आणि तोंडातली सुपारी थुंकायचे.
शोहाग, आत बस, ब्रेक दाब.
खेळ थांबला तर बेअरिंग, नाही थांबला तर सांधा.
नाही थांबला.

पुठ्ठा टाकून पाठीवर आत सरकलो.
ऑगस्टातली फरशी पुठ्ठ्यातूनही पाठ भाजते.
टायरॉडच्या टोकावर बोट ठेवलं,
वर शोहाग स्टिअरिंग हलवतोय, इकडे, तिकडे.
कान फसतात. बोट सहसा फसत नाही.
डावं टोक घट्ट, रबर शाबूत, ग्रीस ओलं.
मग उजवं.
रबर चिरलेलं, आत वाळू,
ग्रीसच्या जागी तांबूस पीठ.

खमीस वाकून बघतो, त्याला पटत नाही.
माझ्या पायाखाली वाजत होतं, सदीक.
वाजत होतं, पण तिथे राहत नव्हतं.
लोखंडातून चालत तुझ्यापर्यंत यायचं.

समोरच्या दुकानात दोन डबे: एक अडीच रियालचा, एक नऊचा.
खमीस बराच वेळ दोन्ही हातात घेऊन उभा राहिला, वजन केल्यासारखा.
नऊचा घेतला.
गाडी वडिलांची, म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी मशीनवर आकडे हिरवे झाले.
स्टिअरिंग सरळ उभं राहिलं, कित्येक वर्षांनी.
रुवीच्या गोलापर्यंत तोच चालवत होता, मी शेजारी.
टक् नाही, कण्हणं नाही,
एसीचा पंखा पहिल्यांदा ऐकू आला.
मग तो म्हणाला, अजून डावीकडे जाते.

हात सोड, म्हटलं.
सोडले.
गाडी रूळ टाकल्यासारखी गेली.
आता धर.
धरलं, आणि आम्ही हळूहळू डावीकडे.

तेव्हा मी चाक नीट पाहिलं.
अकराच्या जागी कातडं घासून काळं चकचकीत,
दोन पिढ्यांच्या मुठीचं.
सालेम असंच धरायचे, त्याने असंच शिकलेलं:
वाकडं धर म्हणजे सरळ जाते.

पावतीवर लिहिलं:
टायरॉड एंड, उजवा. शॉकअप, दोन. अलाइनमेंट.
हाताचं काही लिहिलं नाही.
आठ दिवसांनी ये, म्हटलं, टायर बघू.
तो गेला, सिग्नलपर्यंत दोनदा
पांढऱ्या रेघेला लागून परत आला.